‘वस्तू’ म्हणजे काय? : लहान मुलांसाठी अर्थशास्त्राचा पहिला पाठ

प्रास्ताविक

आपल्या संस्थेच्या रविवारच्या बालवर्गात आम्ही काही आठवडे मुलांना अर्थशास्त्राचे अगदी पहिले पाठ शिकविले. आम्ही व्यवसायाने शिक्षक नाही. बँकेत लिपिक आहोत आणि बी. ए. ला अर्थशास्त्र हा विषय होता, एवढीच आमची पुंजी. वर्गात सहा ते दहा वयोगटातील सतरा मुले-मुली होती. या वयाच्या मुलांना अर्थशास्त्र कसले शिकविता, असे काही सभासद बंधूंनी विचारले. त्याचे उत्तर देण्यासाठी आणि इतर कार्यकर्त्यांना तसेच डी. एड., बी. एड. करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहोत.

पहिल्याच रविवारी आमच्या हातून एक चूक झाली. ‘प्रत्येकाने आपल्या घरातील पाच वस्तूंची नावे सांगा,’ असे आम्ही म्हणालो. एकाने टीव्ही, फ्रिज, मोबाइल, कूलर, गाडी अशी यादी धडाधड सांगितली. दुसऱ्याने तीच यादी थोडी फिरवून सांगितली. मग दुसरीत शिकणाऱ्या एका मुलीची पाळी आली. ती उभी राहिली, थोडा वेळ गप्प राहिली आणि खाली बघून म्हणाली, ‘काका, आमच्या घरी वस्तूच न्हाईत.’

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. त्या मुलीचे घर आमच्या परिचयाचे आहे. तिची आई घरी शिलाईकाम करते. घरात भांडीकुंडी आहेत, अंथरूण-पांघरूण आहे, धान्याचा डबा आहे, दाराशी तुळतुळीत घासलेला हंडा आहे. तरीही वस्तू म्हणजे जी दुकानाच्या काचेमागे किंवा जाहिरातीत दिसते तीच, अशी त्या मुलीची समजूत झाली होती. सात वर्षांच्या मुलीने आपल्या घराकडे पाहून ‘येथे काहीच नाही’ असा निष्कर्ष काढावा, यात तिचा दोष नाही. वस्तू म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी आम्ही ठरविले की पैसा, बचत, बाजारभाव हे सर्व नंतर. आधी ‘वस्तू’ हा एकच शब्द नीट शिकवू.

१) शब्दाची अडचण

मराठीत ‘वस्तू’ हा शब्द फार सैल आहे. रस्त्यावरचा दगडही वस्तूच आणि सोन्याची अंगठीही वस्तूच. किराणा दुकानदार यादी वाचताना ‘जिन्नस’ म्हणतो, आडत बाजारात ‘माल’ म्हणतात, घर बदलताना आपण ‘सामान’ म्हणतो. अर्थशास्त्रातील ‘वस्तू’ मात्र या सर्वांहून वेगळी व नेमकी आहे. जी माणसाची काही गरज भागविते ती वस्तू. गरज भागविण्याच्या या गुणाला पाठ्यपुस्तकात ‘उपयोगिता’ म्हणतात.

ऑस्ट्रियाचे अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगर यांनी १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा फार चांगला उलगडला आहे. त्यांच्या मते एखादी गोष्ट ‘वस्तू’ ठरण्यासाठी चार अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, माणसाला काही गरज असली पाहिजे. दुसरी, त्या गोष्टीत ती गरज भागविण्याचा गुण असला पाहिजे. तिसरी, तो गुण माणसाला माहीत असला पाहिजे. चौथी, ती गोष्ट वापरण्याइतकी त्याच्या ताब्यात असली पाहिजे. यातील एक जरी अट तुटली तरी गोष्ट उरते, पण वस्तू उरत नाही.

मुलांना ह्या अटी आम्ही चार प्रश्नांच्या रूपाने सांगितल्या. ‘कशाला हवी? काम करते का? तुला ठाऊक आहे का? तुला मिळते का?’ हे चार प्रश्न मुलांच्या तोंडी चटकन बसले. व्याख्या पाठ करून घेण्याची गरज पडली नाही.

२) पाठ पहिला : पिशवीतील जिन्नस

साहित्य : एक कापडी पिशवी. तिच्यात कांदा, पेन्सिलीचा तुकडा, अंगाचा साबण, बिस्किटांचा पुडा, तुटलेली चप्पल, वाटेवरचा खडा आणि दहा रुपयांची नोट.

मुलांना गोल बसवावे. पिशवीतून एकेक जिन्नस काढून हातोहात फिरवावा. मुलांनी तो हाताळला पाहिजे, हुंगला पाहिजे. लहान मूल हाताने शिकते ही गोष्ट ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे प्रत्यक्ष करून दाखविली. शंख-शिंपले, पाने, बिया, खडे अशा परिसरात फुकट मिळणाऱ्या साधनांवर त्यांनी बालशिक्षण उभे केले. तेव्हा साधने महाग नाहीत म्हणून कोणी अडून बसू नये.

प्रत्येक जिनसाला चार प्रश्न लावावे. कांदा व साबण पहिल्या फटक्यात पास होतात. तुटलेल्या चपलेवर वाद होतो. आमच्या वर्गात एक मुलगा म्हणाला, ‘चांभारकाकांकडे नेली तर वस्तू, न्हाई नेली तर कचरा.’ याहून चांगले उत्तर आम्हालाही देता आले नसते. खड्याला बहुतेकांनी नापास केले. पण एका मुलीने तो सागरगोट्यांसाठी मागून घेतला आणि त्या क्षणी खडा वस्तू झाला.

खरी गंमत दहा रुपयांच्या नोटेची. ‘सगळ्यात भारी वस्तू कोणती?’ असे विचारताच सर्वांनी नोटेकडे बोट दाखविले. तेव्हा आम्ही विचारले, ‘ही खाता येते का? अंगावर घेता येते का? हिने अंग घासता येते का?’ मुले विचारात पडली. नोट स्वतः कोणतीच गरज भागवीत नाही, दुसऱ्याकडून वस्तू मिळवून देते, हे त्यांनी हळूहळू आपणच शोधून काढले.

आपला कायदाही हेच सांगतो. १९३० च्या मालविक्री अधिनियमात ‘माल’ या शब्दाच्या व्याख्येतून पैसा वगळलेला आहे. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमातही जंगम मालमत्ता म्हणजे वस्तू असे सांगताना पैसा व रोखे बाजूला काढलेले आहेत. आम्ही दिवसभर काउंटरवर नोटा मोजतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने आमच्या हातून एकही वस्तू जात नाही !

हे आम्ही नोटबंदीत डोळ्यांनी पाहिले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० व १००० रुपयांच्या त्या वेळच्या नोटा चलनातून बाद झाल्या. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या आणि तिसऱ्या दिवसापासून आमच्या काउंटरपुढे रांगा लागल्या. नोट रातोरात कागद झाली. पण कोणाच्या घरातील ज्वारीचे पोते मात्र ज्वारीचे पोतेच राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुपयावरील प्रबंधात रुपयाची क्रयशक्ती, म्हणजे रुपयाला किती वस्तू मिळतात, ती स्थिर राहण्यावर भर दिला होता. पैशाचे मोल वस्तूंवरून ठरते, हे त्यातील सार मोठ्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. लहानांना एवढेच पुरे की ‘नोट ही वस्तूकडे नेणारी चिठ्ठी आहे.’

३) पाठ दुसरा : वरणाची वाटी

मुलांना विचारावे, ‘काल वरण खाल्ले, ते कोठून आले?’ उत्तर येते, ‘आईने केले.’ त्याच्या आधी? ‘दुकानातून डाळ.’ त्याच्या आधी? येथे शहरातील मुले थांबतात. आपण लातूरकर या बाबतीत भाग्यवान आहोत. तुरीचे शिवार, आडत बाजार, डाळमिल आणि सोळा रस्ते जेथे मिळतात ती गंजगोलाईची बाजारपेठ, हे सर्व आपल्या पायाखालचे आहे.

फळ्यावर उलट्या क्रमाने साखळी काढावी. वरण, डाळ, तूर, बियाणे. मग प्रत्येक कडीच्या बाजूला ते काम करण्यासाठी लागणारी इतर वस्तू लिहावी. वरणाला पातेले व गॅस, डाळीला मिलचे यंत्र व वीज, तुरीला तिफण, खुरपे व पोते. मेंगर यांनी याला वस्तूंच्या पायऱ्या म्हटले आहे. जी सरळ आपली गरज भागविते ती पहिल्या पायरीची वस्तू. तिला घडविण्यासाठी लागणाऱ्या त्या वरच्या पायऱ्यांच्या वस्तू.

यानंतर आणखी एक ओळ लिहावी : प्रत्येक कडीपाशी कोणाचे हात लागले? पेरणाऱ्याचे, खुरपणी करणाऱ्या बायांचे, पोते उचलणाऱ्या हमालाचे, मिलमधील कामगाराचे, टेम्पो चालविणाऱ्याचे, दुकानदाराचे, शेवटी आईचे. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील आडत बाजारात हमाली करतात. ‘हमाल’ हा शब्द फळ्यावर उमटला तेव्हा तो सरसावून बसला. ‘माझे पप्पा नसले तर डाळच येणार न्हाई,’ असे तो म्हणाला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर आहे. वस्तूमागील श्रम दिसू लागले की श्रम करणाऱ्याची लाज वाटणे थांबते.

याच पाठात ‘सेवा’ समजावून द्यावी. वस्तू हातात घेता येते, उद्यासाठी ठेवता येते. सेवा करता करताच संपते. केस कापणे, एस.टी.चा प्रवास, डॉक्टरांनी तपासणे या सेवा. हमालाने पोते उचलले ती सेवा, पोत्यातील तूर ही वस्तू. आमची बँकेतील नोकरीही सेवाच.

४) पाठ तिसरा : फुकटचे आणि मोलाचे

पाठ्यपुस्तकात ‘नि:शुल्क वस्तू’ व ‘आर्थिक वस्तू’ असा भेद केलेला असतो. जी गरजेपेक्षा मुबलक आहे, जिच्यासाठी कष्ट किंवा पैसा खर्चावा लागत नाही ती नि:शुल्क वस्तू. हवा व सूर्यप्रकाश ही नेहमीची उदाहरणे. जी गरजेच्या मानाने कमी पडते ती आर्थिक वस्तू.

ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात एक कोडे मांडले होते. पाण्याइतके उपयोगी काही नाही, तरी त्याच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही. हिऱ्याचा उपयोग थोडा, तरी त्याच्या बदल्यात पुष्कळ वस्तू मिळतात. असे का? हे कोडे मुलांना जरूर घालावे. त्याचे उत्तर टंचाईत आहे. मुबलक असेल तेव्हा आणखी एका तांब्याची किंमत कोणाला वाटत नाही. टंचाई आली की तोच तांब्या हिऱ्याहून मोठा होतो.

हे लातूरकरांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी व भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे आली. १२ एप्रिल रोजी आलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आज वर्गात बसणारी मुले तेव्हा जन्मलेली नव्हती. म्हणून त्यांना ‘घरी जाऊन आजीला विचारून या’ असा गृहपाठ आम्ही दिला. पुढच्या रविवारी जी माहिती आली ती कोणत्याही पुस्तकात नाही. कोणाच्या आजीने कपडे धुतलेले पाणी परत वापरले होते, कोणाची आत्या लग्नाला पाहुण्यांना बोलवायला घाबरत होती. एका मुलाने सांगितले की त्याच्या आजोबांनी हंड्याला कुलूप लावायची जागा शोधली होती.

‘मग हवा तरी फुकट आहे ना?’ असे एका मुलीने विचारले. आम्ही २०२१ च्या एप्रिल महिन्याची आठवण सांगितली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या सिलिंडरसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते आणि द्रवरूप प्राणवायू रेल्वेने आणावा लागला. मोकळी हवा फुकट होती, पण आजारी माणसाच्या छातीला पुरेल असा शुद्ध प्राणवायू आर्थिक वस्तू झाला होता. म्हणजे फुकट व मोलाचे हा भेद वस्तूच्या अंगावर कोरलेला नसतो. गरज आणि पुरवठा यांच्या मापाने तो बदलतो. जे आज फुकट आहे ते उधळू नये, हा धडा येथे वेगळा सांगावा लागत नाही.

५) पाठ चौथा : खरी वस्तू, मानलेली वस्तू

मेंगर यांच्या दुसऱ्या अटीकडे पुन्हा वळू. गोष्टीत गरज भागविण्याचा गुण खरोखर असला पाहिजे. गुण नसताना तो आहे असे माणसे मानतात, तेव्हा तिला मेंगर ‘काल्पनिक वस्तू’ म्हणतात. ताईत, वशीकरणाचे औषध व बहुतेक सौंदर्यप्रसाधने ही त्यांनीच दिलेली उदाहरणे आहेत. दीडशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात लिहिलेले हे वाक्य आपल्या आठवडी बाजारात आजही लागू पडते. गंडेदोरे, परीक्षेत पास करणारे पेन, आठ दिवसांत गोरे करणारे मलम यांना मुलांनी दुसरा प्रश्न विचारावा : ‘काम करते का? कशावरून?’

याच पाठात पुडा वाचायला शिकवावे. बांधलेल्या पुड्यावर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, बनविल्याचा किंवा बांधल्याचा महिना, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही पाच रुपयांचे दोन वेगळे पुडे वर्गात आणले आणि फक्त ग्रॅमचा आकडा शोधायला सांगितला. चित्रावर बिस्किटे मोठी दिसत होती त्या पुड्यात वजन कमी निघाले. किंमत तीच ठेवून वजन घटविणे ही बाजाराची जुनी रीत आहे. मुलांना ‘फसवणूक, फसवणूक’ असे शिकवू नये. ‘आधी ग्रॅम बघ, मग चित्र बघ’ एवढेच शिकवावे.

६) पाठ पाचवा : एकच वस्तू, दोन कामे

उपभोग्य वस्तू व उत्पादक वस्तू (हिलाच भांडवली वस्तू म्हणतात) हा भेद मोठ्या विद्यार्थ्यांनाही अवघड जातो, कारण तो वस्तूवर नव्हे तर वापरावर ठरतो. घरी मुलाने प्यायलेले दूध उपभोग्य, तेच दूध चहाच्या गाड्यावर गेले की उत्पादनासाठी लागलेली वस्तू. फिरायला नेलेली सायकल उपभोग्य, त्याच सायकलवर पेपर टाकले की उत्पादक.

हा पाठ घेण्यापूर्वी आम्ही त्या पहिल्या दिवशीच्या मुलीला बाजूला घेऊन विचारले होते, ‘बाळ, तुमच्या घरी शिलाई मशीन आहे ना? मग वस्तू नाही असे का म्हणालीस?’ ती म्हणाली, ‘ती वस्तू न्हाई काका, ते आईचं काम आहे.’

तिच्या त्या वाक्यात भांडवली वस्तूची सगळी व्याख्या आहे. जी वापरून संपत नाही, जिच्यापासून आणखी काही घडते, जिच्यावर घर चालते, ती वस्तू कामाशी इतकी एकरूप होते की घरातल्या मुलाला वेगळी दिसतच नाही. वर्गात आम्ही तिचे नाव न घेता दोन घरांचे उदाहरण दिले. एका घरात मोठा टीव्ही आहे, दुसऱ्या घरात शिलाई मशीन आहे. दोन्ही वस्तूच. टीव्हीने करमणुकीची गरज भागते. मशीनने ब्लाऊज शिवून होतात, पिको-फॉल होते, त्यातून वहीचे पैसे येतात. एका मुलाने लगेच विचारले, ‘मग मशीन टीव्हीची आई आहे का?’ सर्व हसले, पण या वेळी कोणाला खाली बघावे लागले नाही.

बँकेत आम्ही रोज कर्जाचे अर्ज पाहतो. टीव्हीसाठी काढलेले कर्ज आणि मशीनसाठी काढलेले कर्ज कागदावर सारखेच दिसते. एकाचा हप्ता पगारातून फेडावा लागतो, दुसऱ्याचा हप्ता ती वस्तू स्वतः कमावू शकते. हौस करू नये असे आमचे म्हणणे नाही. हौस ही सुद्धा माणसाची गरज आहे. परंतु कोणती वस्तू काय करते हे ठाऊक असले की घरातील वडीलधारे आणि मुले मिळून निर्णय घेऊ शकतात.

७) पाठ सहावा : माझी, तुझी, सर्वांची

आपल्या वसाहतीतील सार्वजनिक नळाची तोटी दोन वेळा मोडली. मोडणारा मुलगा आमच्याच वर्गातला होता. त्याला रागावण्याऐवजी विचारले, तर तो सहज म्हणाला, ‘ती कुणाचीच न्हाई.’ येथे शेवटच्या पाठाची सुरुवात झाली.

कोणाचीच नसलेली आणि सर्वांची असलेली यात फरक आहे. रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात एक मुलगा अभ्यास करतो म्हणून दुसऱ्यासाठी उजेड कमी होत नाही, आणि वाटेने जाणाऱ्याला उजेड देऊ नको असे दिव्याला सांगता येत नाही. अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली अशा वस्तूंचे शास्त्र मांडले. अशा वस्तूला शुद्ध सार्वजनिक वस्तू म्हणतात. नळाचे पाणी तसे नाही. एकाने जास्त भरले तर दुसऱ्याला कमी पडते. म्हणून ते सामाईक असूनही त्याला रांग लागते, नंबर लागतो, तोटी सांभाळावी लागते. ग्रंथालयाचे पुस्तक, शाळेचा बाक, एस.टी.ची सीट यांचेही तसेच.

‘पण ही वस्तू सर्वांची म्हणजे नक्की कोणाकोणाची?’ हा प्रश्न आपल्या समाजाने फार मोठी किंमत देऊन विचारला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे जो दिवाणी दावा झाला त्यात विरोधकांचे म्हणणे काय होते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. तळे हे स्पृश्यांच्या खासगी मालमत्तेसारखे आहे, असे ते म्हणत होते. म्हणजे वाद जसा माणुसकीचा होता तसाच ‘ही वस्तू कोणाची?’ हाही होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. त्या एका प्रश्नाचा निकाल लागायला दहा वर्षे लागली.

हे आम्ही मुलांना सोप्या शब्दांत सांगितले आणि शेवटी विचारले, ‘आता सांगा, नळ कोणाचा?’ तोटी मोडणारा मुलगा काही बोलला नाही. पण नवी तोटी बसविली त्या दिवशी तो प्लंबरजवळ पाना धरून उभा होता, हे आम्ही पाहिले.

८) शिकविताना घ्यावयाची काळजी

वर्ग घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आमच्या अनुभवातील काही सूचना :

(अ) मुलांना घरातील वस्तूंची यादी सर्वांसमोर कधीही विचारू नये. ही आमची चूक होती. ज्याच्या घरी कमी आहे त्याला ती शिक्षा वाटते, ज्याच्या घरी जास्त आहे त्याला ती बढाई वाटते. पिशवीतील जिनसांवरच बोलावे.

(आ) गरीब-श्रीमंत, स्वस्त-महाग हे शब्द पहिल्या तीन पाठांत टाळावे. आधी वस्तू काय करते ते येऊ द्यावे, तिची किंमत नंतर.

(इ) मूल घरच्या बोलीत बोलले तर ते सुधारीत बसू नये. ‘न्हाई’ म्हणणाऱ्या मुलीनेच आम्हाला भांडवली वस्तू शिकविली.

(ई) पाऊण तासाच्या पुढे वर्ग नेऊ नये. एका वेळी एकच भेद शिकवावा. व्याख्या फळ्यावर सर्वांत शेवटी लिहावी.

(उ) मूल चुकीचे उत्तर देते तेव्हा ‘चूक’ न म्हणता चार प्रश्नांपैकी एक प्रश्न विचारावा. उत्तर ते आपणच दुरुस्त करते.

(ऊ) आई-वडिलांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवावे. ज्याचा जो धंदा त्याने आपले अवजार घेऊन यावे आणि ते कसे चालते ते दाखवावे. त्यासारखे शैक्षणिक साहित्य विकत मिळत नाही.

समारोप

सहा पाठ संपल्यावर पुढच्या रविवारी ती मुलगी आपणहून वही घेऊन आली. आम्ही काही लिहायला सांगितले नव्हते. वहीच्या दोन पानांवर तिने तिच्या घरातील वस्तूंची नावे लिहिली होती. हंडा, कळशी, परात, तवा, उलथने, सूप, दोन गोधड्या, आजीचा चष्मा, आजीची काठी, कात्री, मापाची टेप, सुया, दोऱ्याची रिळे, धान्याचा डबा, दप्तर. एकूण त्रेचाळीस. शिलाई मशीन पहिल्या क्रमांकावर होते आणि त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. त्रेचाळिसाव्या क्रमांकावर लिहिले होते, ‘नळ (सगळ्यांचा)’.

तिच्या घरात त्या सात आठवड्यांत एकही नवी वस्तू आलेली नव्हती. जे होते तेच तिला दिसू लागले होते. आमच्या मते अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करू नये. किंमत, कर्ज, व्याज, बाजार हे सर्व ती पुढे शिकेलच. पण ज्या मुलाला आपल्या घरातील वस्तू ओळखता येतात, त्यामागचे हात दिसतात आणि सर्वांची वस्तू आपली वाटते, त्याला पुढे कोणी सहजासहजी फसवू शकत नाही आणि कमी लेखूही शकत नाही.

सभासद बंधू-भगिनींना आमची विनंती आहे की येत्या रविवारी आपल्या मुलांना अर्धा तास जवळ बसवावे, पिशवीत सात जिन्नस टाकावे आणि चार प्रश्न विचारावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत असा वर्ग सुरू केल्यास आमची कापडी पिशवी, त्यातील सागरगोट्याच्या खड्यासकट, त्यांना देण्यास आम्ही तयार आहोत.